खरखरीची दिशा

१० नोव्हेंबर

इतके महिने वहीला हात लावला नाही, त्याबद्दल आधी दिलगिरी. ती कुणाकडे व्यक्त करतोय कोण जाणे. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नाही अशी सबब देणार होतो, पण ती खोटी ठरेल. माझ्या सगळ्या संध्याकाळी रेडिओ खात होते, हे खरं कारण. आता रेडिओ ऐकता येत नाही, म्हणून वहीची आठवण झाली.

अंधार पडला की मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं उमटायला लागतात. दिवसभर मुका असलेला पट्टा भरून येतो. कुठल्या तरी भाषेतल्या बातम्या, मधूनच एखादी बाई गाते, मध्येच सगळं बुडतं आणि पुन्हा वर येतं. मागच्या खोलीत फळीवर माझे जुने पोर्टेबल मांडलेले आहेत. काही चामडी पिशवीतले, काही मूठ तुटलेले. खाली टेबलावर मी स्वतः बांधलेले. चमच्यांच्या जुन्या लाकडी पेटीत बसवलेला सेट त्यातला सगळ्यात लाडका. घरात त्याला नुसतं 'पेटी' म्हणतात. कानात इअरफोन घालून पेटीसमोर बसणं हीच माझी चैन.

गेल्या आठवड्यापासून नेमक्या त्याच वेळी खरखर सुरू होते. कुणी जाड कापड सलग फाडत बसावं तशी. अचानक सुरू होते, अचानक थांबते. आकाशातली वीज अशी वागत नाही. हे माणसाचं काम आहे.

माझी नोकरी वजनमापे खात्यातली. दिवसभर दुकानदारांचे काटे तपासतो. काटा चुकत असेल तर आधी दुकानदाराच्या हाताकडे बघायचं, ही सवय अंगात मुरली आहे. ही म्हणते, "तुम्ही देवाच्या दारात उभे राहिलात तरी आधी तराजू तपासाल." ती हे हसून म्हणायची. हल्ली हसत नाही, असं मला वाटतं. की मीच बघत नव्हतो?

१२ नोव्हेंबर

शोध रीतसर करायचं ठरवलं.

पेटीच्या आत, लांबीच्या दिशेने, बोटभर जाडीची एक काळी दांडी आहे. तिच्यावर तार गुंडाळलेली. लहरी पकडण्याचं काम ती करते. तिचं टोक लहरींच्या उगमाकडे रोखलं की आवाज जवळजवळ मरतो. आडवी धरली की वाढतो. म्हणजे पेटी हातात घेऊन गोल फिरायचं, आणि खरखर जिथे मरेल तिथे थांबायचं. पेटीचं टोक चोराकडे बोट दाखवत असतं.

अडचण एकच. दांडीला दोन टोकं असतात. चोर पुढे आहे की पाठीमागे, हे ती सांगत नाही.

संध्याकाळी "जरा खाली जाऊन शोधून येतो" म्हणालो. मला वाटलं होतं, ही कपाळाला हात लावेल. पण तिने चपला पुढे सरकवल्या. आई तिच्या खोलीतून म्हणाली, "जा रे, नीट शोध. अर्धवट सोडू नकोस." माझ्या रेडिओंबद्दल आईने असं उत्तेजन याआधी कधी दिल्याचं आठवत नाही.

गल्लीच्या मध्यावर उभा राहून पेटी फिरवली. रेघ स्वच्छ मिळाली. एका टोकाला समोरच्या घराची पहिल्या मजल्यावरची खिडकी, दुसऱ्या टोकाला आमच्या पहिल्या मजल्यावरची आईच्या खोलीची. आमच्या घरात काय काय आहे ते मला माहीत आहे, त्यामुळे ते टोक सोडून दिलं. उरला समोरचा.

समोर राहतो तो कवळीवाला. दाताच्या डॉक्टरांसाठी घरबसल्या कवळ्या बनवून देतो. त्याच्याकडे दात घासायची, म्हणजे कवळीला चकाकी आणायची, मोटर आहे. मोटर म्हटलं की ठिणगी आली, आणि ठिणगी म्हटलं की खरखर.

हे इतक्या लवकर जुळलं की मलाच थोडी शंका आली. ती नोंदवून ठेवतो.

१३ नोव्हेंबर

आजही गेलो. गल्लीच्या तोंडापासून दुसरी रेघ काढली. तिथून समोरचं घर आणि आमचं घर जवळजवळ एकाच दिशेला येतात, त्यामुळे पुरावा म्हणून तिचं मोल कमी. तरी ती विरोधात जात नाही.

एक विचित्र गोष्ट. मी शोधायला लागल्यापासून खरखर जास्त वेळ चालते. आधी थोडा वेळ यायची आणि थांबायची. आता मी खाली असेपर्यंत थांबतच नाही. मला खिजवतोय की काय?

१५ नोव्हेंबर

कवळीवाल्याच्या दारापर्यंत जाऊन आलो. खरं तर जिन्यापर्यंतच. तिथे खरखर उलट कमी झाली. मला वरून पाहून त्याने मोटर मंद केली असणार.

तेवढ्यात तोच पिशवी घेऊन वर येताना भेटला. माझ्या हातातल्या पेटीकडे बघून म्हणाला, "काय साहेब, आमचेही काटे तपासायला आलात?"

"तुमची मोटर चालू आहे का आत्ता?"

"मी इथे, मोटर वर. मी नसताना ती स्वतःहून दात घासायला लागली तर मी घरी बसून आराम करीन."

मी विचारलं, "घरात दुसरं कुणी आहे?"

"माणसं नाहीत. जबडे आहेत पुष्कळ. पण ते बोलत नाहीत." आणि मग, सहज: "आई कशा आहेत? टोचत नाही ना आता?"

आईच्या नव्या कवळीचं तो विचारत होता. हिने आईला त्याच्याकडे नेलं असावं. मला सांगितलं नव्हतं. न सांगण्यासारखं त्यात काय होतं?

माणूस गोड बोलतो. गोड बोलणारे दुकानदार मी रोज पाहतो.

१८ नोव्हेंबर

न्याय्य वागायचं तर स्वतःचं घरही तपासायला हवं. घराचा मेन स्विच बंद करायचा आणि बॅटरीवरच्या पेटीवर ऐकायचं. खरखर चालू राहिली तर घर निर्दोष.

ठरवलं आणि संध्याकाळी, खरखर ऐन भरात असताना, एका कानातला इअरफोन तसाच ठेवून, पेटी घेऊन बाहेर आलो. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी मोठ्याने म्हणालो, "मेन बंद करतोय. एक तपासणी आहे."

आतून ही घाईने म्हणाली, "थांबा, थांबा. आईंना अंधारात ठेवू नका. मी मेणबत्ती घेते."

थांबलो. ही मेणबत्ती घेऊन आली, आईजवळ लावली, मग मी मेनपाशी गेलो. आणि स्विचला हात लावायच्या आधीच खरखर थांबली. तरीही मेन बंद केला. आधीच शांत असलेली पेटी शांतच राहिली. परीक्षा वाया.

माझा निष्कर्ष: माझ्या हालचाली समोरून दिसतात. मेणबत्ती लागलेली पाहून त्याने ओळखलं आणि मोटर बंद केली. माझ्यावर नजर आहे.

आता शांतपणे लिहिताना हे जरा अती वाटतं. पण दुसरं स्पष्टीकरण सुचत नाही. आणखी एक: खाली शोधून मी वर यायला निघालो की जिन्याच्या पहिल्या पायरीवरच खरखर बंद होते. हेही बऱ्याचदा झालं आहे. जिन्यात तर मी समोरून दिसतही नाही. मग त्याला कळतं कसं?

२१ नोव्हेंबर

समोरच्या घराच्या मालकाला सांगितलं. तक्रार म्हणून नाही, चौकशी म्हणून. तो खाली बाकावर दोन शेजाऱ्यांबरोबर बसला होता.

"मोटर?" तो म्हणाला. "घरात मशीन चालवायचं नाही हे खोली देतानाच ठरलंय. मी डोळेझाक करत होतो. आता तुमच्यासारखा सरकारी माणूस सांगतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

मी म्हणालो, "माझी अजून खात्री झालेली नाही."

"तुमची नसेल. माझी झाली. महिनाअखेर खोली खाली करून घेतो. माझ्या भाच्याला हवीच होती जागा."

बाकावरच्या दोघांनी माना हलवल्या. मी तिथेच थांबवायला हवं होतं. 'खात्री झालेली नाही' हे मी दुसऱ्यांदा म्हणालोही, पण इतकं हळू की ते मलाच जेमतेम ऐकू गेलं.

२२ नोव्हेंबर

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती.

आई जेवताना म्हणाली, "त्या बिचाऱ्याला घराबाहेर काढलंस म्हणे."

"मी नाही. मालकाने."

"माझे दात त्याने नीट केले. आता मी तुझी बाजू घेऊन बोलायचं तर त्याच्याच दातांनी बोलायचं का?"

ही म्हणाली, "अहो, एकदा आपल्या घरातही बघितलंत तर?"

"बघितलं की. मेन बंद करून."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी ते पाहिलं हे त्यांनी पाहिलं नाही. हल्ली हे फार चाललंय. मी खोलीत आलो की वाक्य अर्ध्यावर तुटतं. काल तर मी आल्यावर आई एकदम म्हणाली, "हो ना, फार थंडी पडलीय यंदा," आणि ही गरम होतंय म्हणून खिडकी उघडत होती.

त्यानंतर आई म्हणाली ते लागलं. "तुला प्रत्येकाच्या हातात काहीतरी दिसतं रे. घरच्यांच्यासुद्धा."

कुणाबद्दल बोलत होती ते मला कळलं. माझ्या धाकट्या भावाबद्दल. त्याचं नाव या घरात काढायचं नाही असं मीच एकदा सांगितलं होतं, आणि ते आजवर पाळलं गेलं आहे. नाव न काढताही ती त्याच्यापर्यंत पोचते. गोष्ट साधी होती. बाबा दवाखान्यात असताना त्यांचा पट्ट्याचा रेडिओ धाकट्याकडे होता. बाबा गेल्यावर तो माझ्याकडे आला तेव्हा मी उघडून पाहिला. मूळचा स्पीकर जाऊन आत दुसराच बसवलेला. मी विचारलं, मूळचा कुठे विकलास? चारचौघांत विचारलं, हे खरं. तो काही बोलला नाही, उठला आणि गेला. निर्दोष माणूस बोलला नसता का? नवा स्पीकर मूळच्यापेक्षा मोठ्या आवाजाचा होता, एवढं मान्य करतो. शेवटी शेवटी बाबांना कमी ऐकू यायचं, हेही खरं. पण मला विचारायला नको?

विषयांतर झालं. मुद्दा खरखरीचा आहे.

२५ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसं घडलं तसं लिहितो. मध्ये मत घालणार नाही.

संध्याकाळी पेटी घेऊन गल्लीत उभा होतो. खरखर जोरात. कवळीवाला स्वतःच खाली आला. वाटलं, भांडेल. तो म्हणाला, "साहेब, सामान बांधायला घेतलंय. रागावून आलो नाही. मी ज्यांची कामं करतो ते सगळे डॉक्टर इथून चालत जाण्यासारखे आहेत. इथून लांब गेलो तर कामं सुटतील, एवढंच. जाण्याआधी एकदा वर या. ती पेटी घेऊन या. माझ्या घरात काय ओरडतंय ते मला तरी कळू दे."

नाही म्हणायला कारण नव्हतं.

खोली एकच. भिंतीला टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने, एका वाटीत गुलाबी मेण. निम्म्या फळ्या रिकाम्या, खाली खोकी. मोटर कापडाखाली झाकलेली. त्याने कापड काढलं, वायर सॉकेटमधून उपटली आणि वायरचं टोक माझ्या हातात दिलं. "धरा. आता तरी ती माझी नाही."

पेटी सुरू केली. खरखर होती. थांबली नाही.

पेटी फिरवली. आवाज मेला तेव्हा एक टोक त्याच्या कपाटाकडे होतं, दुसरं खिडकीकडे. पुन्हा दोन टोकं. मग मी जे गल्लीत पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: पेटी आडवी धरून त्या रेघेवर चालत गेलो. कपाटाकडे गेलो, खरखर उतरली. खिडकीकडे आलो, चढली. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

खिडकीसमोर गल्ली, आणि गल्लीपलीकडे आईची खोली. दिवा लागलेला, पडदा अर्धा सरकलेला. आई पलंगावर बसली होती. पुढे स्टुलावर काहीतरी उजळलेलं, पाटीएवढं. ही वाकून त्याची वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये हाताने दाबून धरून उभी होती. आईने तोंडातून कवळी काढली आणि त्या उजेडासमोर धरून दाखवली. मग बिनदातांच्या तोंडाने हसली. खांदे हलेपर्यंत हसली. माझ्यासमोर आई कवळी काढत नाही. धुवायलासुद्धा दार लावून घेते.

कवळीवाला माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "आज धाकट्यांना दाखवतायत वाटतं. खालची अजून हलत असेल."

"कुणाला?"

"तुमच्या भावाला. रोजचंच आहे. तुम्ही खाली उतरलात की त्यांचं सुरू होतं. तो टॅब त्यांनीच दिलाय ना आईंना? बॅटरी गेलीय, वायर लावूनच चालतो, आईंनीच सांगितलं मला. इथे कवळी घासून घ्यायला तेच तर घेऊन आले होते त्यांना, दुपारी, तुम्ही कामावर असताना." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याचा आवाज खाली गेला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

तो टेबलाकडे वळला आणि स्वच्छ असलेली मोटर पुसत बसला.

खाली आलो, गल्ली ओलांडली, आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. खरखर थांबली.

बेल वाजवायच्या आधी हिने दार उघडलं. "सापडलं का काही?"

मी म्हणालो, "नाही."

२६ नोव्हेंबर

कामावर गेलो. एका दुकानात काटा तपासताना त्यावर तपासणीचं वजन ठेवायचंच राहिलं, आणि रिकामा काटा बरोबर आहे असा शेरा मारून बाहेर पडलो. दुकानदार धावत मागे आला. "साहेब, वर काही ठेवलंच नाहीत." त्याला यात काहीतरी डाव दिसत असावा.

संध्याकाळी खाली गेलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो. आई दोनदा दारात येऊन विचारून गेली, "आज जाणार नाहीस का?" दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने केस नीट विंचरलेले होते. मी इअरफोन घालून बसलो. खरखर नव्हती. कितीतरी दिवसांनी लांबची स्टेशनं काचेसारखी स्वच्छ ऐकू आली. कोणती लागली ते आता आठवत नाही.

२७ नोव्हेंबर

विचार केला. जमेल तितका प्रामाणिकपणे मांडतो.

मालकाला खरं सांगितलं, की आवाज आमच्याच घरातल्या चार्जरचा होता, तर कवळीवाल्याची खोली वाचेल. पण गल्लीत सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत घरी पोचते. मग दोघींना कळेल की मला कळलं. मी रागावलो नाही असं सांगितलं तरी आईला ते खरं वाटणार नाही, आणि त्यात तिची चूक नाही. टॅब कपाटात जाईल. ती पुन्हा माझ्यासमोर तोंड मिटून बसेल.

खरं सांगितलं नाही, तर एक माणूस माझ्या बोलण्याने घर सोडून जाईल.

त्यांनी माझ्यापासून लपवलं याचा राग येतोय का, हे तपासून पाहिलं. येतोय. पण तो कुठे ठेवावा ते कळत नाही. मी गेलो की घरात हसणं सुरू होतं, हा गुन्हा म्हणून कुणाच्या नावावर लिहायचा?

धाकट्याला सरळ फोन करावा, असा विचार एकदा येऊन गेला. त्याचा नंबर माझ्याकडे नाही. घरात मागता येईल, पण मागायचा तर कारण सांगावं लागेल.

२८ नोव्हेंबर

मालक बाकावरच होता. तेच दोघे शेजारी, शिवाय आज एक तिसरा.

मी म्हणालो, "ती मोटरची गोष्ट चुकीची होती. दोष माझ्या सेटमध्येच निघाला. आतल्या एका तारेच्या जोडाचं सोल्डर सुटलं होतं, त्याची खरखर."

मालक म्हणाला, "म्हणजे तुमच्याच पेटीत?"

"हो."

"आणि तुम्ही इतके दिवस गल्लीभर फिरून आमच्या भाडेकरूला पकडताय?"

"हो."

तिसरा म्हणाला, "घरी बनवलेलं म्हटल्यावर असंच व्हायचं. दुकानातला घ्या की एखादा." सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

माझ्या हातचं सोल्डर आजवर सुटलेलं नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे म्हणता येणार नाही.

मालकाचा चेहरा पडला होता. "आता भाच्याला काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. पण माझी तक्रार नाही, आणि मोटरमुळे काही त्रास नाही, हे मी सांगितलंय. या तिघांनी ऐकलंय. उद्या कुणी विचारलं तर पुन्हा सांगीन." खात्याच्या आवाजात बोललो. तो आवाज खोटं बोलताना इतका पक्का निघेल असं वाटलं नव्हतं.

मालक थोडा वेळ धुसफुसला आणि म्हणाला, "राहू दे मग त्याला. नाहीतरी भाचा कुरकुऱ्याच आहे."

वर पाहिलं. कवळीवाला खिडकीत उभा होता. त्याला ऐकू गेलं असावं. हात वगैरे काही केला नाही. आत वळला आणि खोक्यातले जबडे काढून एकेक करून पुन्हा फळीवर मांडायला लागला.

३० नोव्हेंबर

ही सकाळी म्हणाली, "दोष पेटीतच होता म्हणे."

"हो. दुरुस्त केला."

"मग आता शोधायचं संपलं?" आवाज साधाच होता. आई आत होती. तिच्या पलंगाची करकर थांबली.

मी म्हणालो, "तसं नाही. तो दोष गेल्यावर मागची एक बारीक खरखर ऐकू यायला लागलीय. ही लांबून येते."

आई दारात आली. "किती लांबून?"

"सांगता येत नाही. बरंच फिरावं लागेल."

"रोज?"

"रोजच."

आई गंभीरपणे म्हणाली, "मग शाल घेऊन जात जा. बाहेर गार असतं." या खेपेला खिडकी कुणी उघडली नाही.

संध्याकाळी निघताना पेटी टेबलावर नव्हती. हिने ती दाराजवळ आणून ठेवली होती, आणि वरची धूळ पुसलेली होती. हिला पेटीत कधी रस नव्हता. माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बोलेन अशी. काय अपेक्षा होती ते कळलं नाही. मी शाल घेतली आणि उतरलो.

गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभा राहिलो. इअरफोन घातला. थोड्या वेळाने खरखर सुरू झाली. आज तिची दिशा काढली नाही. टोक आमच्या घराकडे रोखलं असतं तर ती मेली असती, म्हणून पेटी आडवी, पोटाशी धरून ठेवली. खरखर एकसारखी नसते, हे आज लक्षात आलं. मधूनच चढते, मधूनच बसते. वायर दाबून धरणारा हात अवघडत असेल. एकदा तुटली, तेव्हा मी भिंत सोडून दोन पावलं पुढे आलो होतो. लगेच परत आली.

कवळीवाला पिशवी घेऊन जवळून गेला. "काय साहेब, अजून शोधताय?"

"अजून."

"सापडायची घाई नाही ना?"

"नाही."

तो मान हलवून पुढे गेला.

खरखर बऱ्याच उशिराने थांबली. त्यानंतरही थोडा वेळ तसाच उभा राहिलो, टॅब नीट आत ठेवला जाईल एवढा. मग वर गेलो. आईचे गाल लाल झाले होते आणि कवळी तोंडात होती. "मिळालं का रे?" तिने विचारलं.

"नाही. पण आहे, हे नक्की."

आई म्हणाली, "लवकर नाही मिळायचं ते," आणि शालीची घडी घालायला माझ्याकडे हात पुढे केला.

उद्या: निघताना 'वेळ लागेल' असं सांगून निघणे.